ते वहाण की ती वहाण

बडोद्यातल्या गोत्रीच्या निरुपमा पोतनीस यांनी निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना एका मराठी माणसाला चंद्रावर पोचवलं. त्यासाठी त्यांना रॉकेट लागलं नाही की सरकारी मंजुरी. एक जुनं मासिक, एक शब्द आणि पुण्याच्या माणसांवरचा थोडा राग, एवढ्या सामानात काम झालं. चंद्रावर पोचवणं सोपं असतं म्हणा. खाली उतरवताना पंचाईत होते.

बाई कॉलेजात मराठी शिकवतात. वर्गात पोरांपेक्षा पंखे जास्त. बाई निवृत्त झाल्या की विभागाला कुलूप लागणार, हे प्राचार्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही ते बाईंसमोर बोलत नाही, एवढी सभ्यता बडोद्यात अजून आहे. अशा ठिकाणी माणसाने निमूट व्याकरण शिकवून पेन्शनकडे बघत बसावं. पण बाईंनी अभ्यासाला विषय घेतला तो भुतांचा. म्हणजे अगदी भुतांचाच नाही. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा, उद्याच्या आणि परग्रहांवरच्या गोष्टी. जे घडलं नाही, पण घडलं असतं तर काय, अशा सगळ्या लिखाणाचा. बरं, नुसत्या गोष्टी वाचल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. बाई त्या गोष्टींवर विद्वानांनी लिहिलेले लेख वाचतात, मग त्या लेखांवर दुसऱ्या विद्वानांनी घेतलेले आक्षेप वाचतात, आणि मग रात्रीचं शाक करपतं.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बेन विचारायच्या, “निरुबेन, भूत हजी चाले छे?”

“चाललंय की,” बाई म्हणायच्या. “सध्या आक्षेपांना उत्तरं देतंय.”

यजमान वसंतराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. कच्च्या तेलातून काय काय निघतं ते जन्मभर पाहिल्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या शुद्धतेवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. बायकोच्या अभ्यासाबद्दल त्यांचं म्हणणं एकच होतं, की घरात कुणीतरी चंद्राकडे बघितलेलं बरं, दोघांनी मिळून टीव्हीकडे बघण्यापेक्षा.

आता या विषयाला वाहिलेलं एक त्रैमासिक पुण्याहून निघतं, नाव ‘संकल्पित’. जाडजूड, चित्रं नाहीत, पानाच्या तळाशी मुंग्यांसारख्या टिपा. तिथे लेख पाठवला की संपादक त्यावरचं नाव खोडून तो दोन जाणकारांकडे धाडतात. जाणकारांना लेखकाचं नाव कळत नाही, लेखकाला जाणकारांचं. एकमेकांची नावं न कळता एकमेकांना नावं ठेवायची अशी ही सोय आहे, आणि गंमत सोडली तर सोय चांगली आहे. ओळखदेखीचा मामला राहत नाही. बाईंचे लेख मात्र या चाळणीतून कधी खाली उतरलेच नाहीत. एकदा उत्तर आलं, संदर्भ अपुरे. पुढल्या वेळी संदर्भ घातले, तर उत्तर आलं, स्वतःचं म्हणणं अपुरं. बाई ते कागद फाडायच्या नाहीत. पुन्हा वाचायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर आहे त्यांचं.” हे म्हणताना त्यांचा चेहरा पाहावत नसे, असं वसंतराव सांगतात.

आणि मग त्यांना दत्ताजीराव सापडले.

दत्ताजीराव फणसे. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. नव्वदेक वर्षांपूर्वी बडोद्यातून निघालेल्या आणि दीड वर्षात बंद पडलेल्या एका मासिकात त्यांनी आयुष्यातली एकुलती एक गोष्ट लिहिली, ‘चंद्रपुरीचा मुक्काम’. गोष्ट पाच पानांची. एक माणूस रात्री घरातून निघतो, चंद्रावर जातो, तिथल्या लोकांत हिंडतो, त्यांच्या पंगतीला बसतो, आणि परत यायला निघतो. ग्रंथालयातल्या बांधीव खंडातून बाईंनी मोबाइलवर तिचे फोटो काढले आणि घरी येऊन वाचता वाचता ताठ उठून बसल्या.

सारी मौज तीन वाक्यांत होती. सुरुवातीला: ‘रात्रीं वहाण बांधून निघालों.’ मध्ये: ‘चंद्राच्या कांठीं वहाण सोडून मी आंत गेलों.’ आणि अगदी शेवटी: ‘परत आलों तों वहाण जागेवर नव्ह’, पुढचं अक्षर पुस्तकाच्या शिवणीत गेलेलं. तिथेच गोष्ट संपते.

पुण्याच्या माणसाला वहाण म्हटलं की पाय दिसतो. बडोद्याच्या माणसाला शीड दिसतं. बाई दहावीपर्यंत गुजराती शाळेत शिकलेल्या. पहिलीच्या पुस्तकात ‘व’ला वहाण होतं, आणि ते समुद्रात होतं. गुजरातीत वहाण म्हणजे गलबत. घरी पायात घालायची ती चप्पल. वहाण हा शब्द पोतनिसांकडे म्हणींपुरताच यायचा. तेव्हा दत्ताजीरावांनी रात्री वहाण बांधलं म्हणजे काय केलं, याबद्दल बाईंना शंकाच राहिली नाही. गलबत बांधलं. चंद्राच्या काठाला लावलं. आणि परत येऊन बघतात तो गलबत गायब.

यातलं शास्त्र असं. माणूस चंद्रावर आपोआप पोचला, झोपेत किंवा मंत्राने, तर ती अद्भुतकथा. काहीतरी बांधून पोचला, तर विज्ञानकथा. दोन्हींमधल्या रेषेवर विद्वानांची दोन पिढ्यांची भांडणं आहेत, आणि इथे मालधक्क्यावरचा कारकून ‘बांधून’ असं स्वच्छ लिहून मोकळा झालेला. बाईंनी लेख लिहिला. तीन वाक्यांवर बावीस पानं. शेवटच्या तुटक्या शब्दापुढे ‘तें’ हे अक्षर चौकोनी कंसात घातलं, म्हणजे हा अभ्यासकाचा अंदाज आहे असं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मग त्या कंसावरच अख्खा समारोप उभा केला: यान हरवलेला, परक्या भूमीवर अडकलेला, परतीची वाट नसलेला एकाकी माणूस, मराठीत इतक्या आधी.

पहिल्या जाणकाराने लेख उचलून धरला. दुसऱ्याने एकच ओळ लिहिली. ‘वहाण म्हणजे पादत्राण, हा साधा अर्थ लेखकाने का नाकारला?’

झालं. ही ओळ बाईंना अशी झोंबली, की त्यांनी तिला दीड पान उत्तर लिहिलं. पादत्राणं दोन असतात, तेव्हा ‘वहाणा’ हवं होतं. इथे एकवचन आहे. आणि बडोद्याची मराठी गुजरातीच्या मांडीवर वाढलेली आहे, ती कोशात बघून कळत नाही, इथे राहावं लागतं. ‘बाहेरून वाचणाऱ्यास हे जाणवणार नाही’ हे वाक्य तर त्यांनी वसंतरावांना दोनदा वाचून दाखवलं. दुसरा जाणकार नमला. ‘स्थानिक भाषेबाबत लेखकाचा अधिकार मान्य’ असं त्याने लिहून दिलं. बडोदेकर मराठी माणसाच्या कानाला याहून गोड वाक्य नाही. वसंतराव अलकापुरीला जाऊन आइस्क्रीम घेऊन आले आणि सोसायटीत ज्याला त्याला सांगत सुटले की आमच्या हिने पुण्याला गप्प केलं.

दत्ताजीरावांची मुलगी हयात आहे, हे बाईंना रेल्वेच्या पेन्शनरांकडून कळलं. कांचनताई. ऐंशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, तरसालीला तळमजल्यावर एकट्या. बालवाडी चालवायच्या, त्यामुळे अजूनही समोरच्याला ‘हं, मग’ म्हणून बोलतं करायची सवय. डोळ्यांनी वाचवत नाही. बाईंनी त्यांना लेख वाचून दाखवला, आणि तो एकाकी माणूस आला तेव्हा कांचनताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“बाबा कामावरून आले की वर गच्चीवर, अगाशीत जाऊन बसायचे,” त्या म्हणाल्या. “आईशी नाही, माझ्याशी नाही, कुणाशी बोलणं नाही. मी त्यांच्यावर फार चिडून होते. आता कळलं, ते कुठं असायचे.”

त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर हलक्या झाल्या. वडिलांचा फोटो इतकी वर्षं ट्रंकेत होता, तो काढून त्यांनी भिंतीवर लावला, चंदनाचा हार घातला. कॅनडातल्या भाच्याला, मयंकला, फोनवर सांगितलं की तुझ्या आजोबांवर पुण्यात लेख छापून येतोय. बाई दर पंधरवड्याला तिकडे जाऊ लागल्या. लेखाचे तेवढेच शेवटचे परिच्छेद कांचनताई पुन्हा पुन्हा वाचून घ्यायच्या.

अंक छापायला जायच्या आधी ‘संकल्पित’चा संपादक आशय याचा निरोप आला, की मूळ गोष्टीच्या शेवटच्या पानाचा चांगला फोटो पाठवा, लेखाशेजारी टाकू. बाई ग्रंथालयात गेल्या. तिथे जुने खंड संगणकावर चढवायचं काम चालू होतं, त्यासाठी शिवणी उसवून पानं सुटी केली होती. तो खंडही टेबलावर सुटा पडलेला. शेवटचं पान सपाट पसरलेलं, शिवणीतली अक्षरं नव्वद वर्षांनी उजेडात आलेली.

नव्हती.

तें नाही. ती. दुसरी वेलांटी, काळी कुळकुळीत, जणू काल छापलेली. बाईंनी चष्मा पुसला. मग कागद खिडकीशी नेला. मराठीची प्राध्यापक बाई. गलबत नपुंसकलिंगी आणि चप्पल स्त्रीलिंगी, हे त्यांना कोशात बघावं लागणार नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या पाच पानं पुन्हा वाचली. एक माणूस रात्री पायात वहाण बांधतो आणि चालत सुटतो. चालता चालता चंद्राच्या काठाशी येतो. चंद्र म्हणजे देवच, तेव्हा वहाण बाहेर सोडून आत जातो. दर्शन घेतो, पंगतीला जेवतो, बाहेर येतो. वहाण चोरीला गेलेली.

देवळाबाहेरून जाते तशी. इतकंच. पाच पानं मेहनतीने रचलेला विनोद होता तो, आणि बाई त्यावर बावीस पानं गंभीर झाल्या होत्या.

घरी आल्या तेव्हा वसंतराव हिंचक्यावर बसून बडोद्याचा ओलसर लिला चिवडा खात होते.

“काय गं, चेहरा असा का?”

“चप्पल निघाली.”

“तुटली? कुठली, ती परवा घेतलेली?”

“अहो, वहाण. वहाण म्हणजे चप्पलच निघाली.”

वसंतरावांनी हिंचका पायाने थांबवला. “म्हणजे पुण्याचा तो दुसरा...”

“त्याचं नाव काढू नका.”

“नाव कुठं माहीत आहे आपल्याला.”

बाईंनी पर्स ठेवली, पाणी प्यायल्या आणि स्वयंपाकघरातच उभ्या राहिल्या. वसंतराव मागे गेले. “एक वेलांटी तर आहे,” ते म्हणाले. “लोक अख्खे अहवाल गिळतात.”

“मी त्याच्यावर इमारत बांधलीय. आणि एकवचनाचं जे लिहिलं मी, तेही पोकळ. पायात वहाण नाही, असं आपण म्हणतोच की. मला माहीत होतं हो. मला ते माहीत असायला नको होतं, म्हणून नव्हतं.”

“पायातली वहाण पायातच बरी, म्हणतात. तू ती उचलून...” वसंतरावांनी सुरू केलं, आणि बायकोकडे बघून वाक्य अर्ध्यावर सोडलं. थट्टेचा माणूस आहे, पण आंधळा नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. विभाग बंद होणार, त्या खोलीचं काहीतरी दुसरंच होणार, आणि बाईंच्या नावावर जगात छापलेलं काय राहणार होतं, तर हा एक लेख. तो मागे घ्यायचा की डोळे मिटून छापू द्यायचा, हा प्रश्न त्या ओट्याशी उभा होता.

सकाळी बाईंनी आशयला फोन लावला. पोरगा तिशीचा, बोलायला गोड.

“मॅडम, अंकाची मांडणी झालीय. मुखपृष्ठ तुमच्याच लेखावर आहे. शिडाचं जहाज आणि चंद्र. फार देखणं झालंय.”

“ते जहाज नाही, आशय. चप्पल आहे.”

 तो सावकाश म्हणाला, “आपण एक टीप देऊ. ‘अन्य वाचनही संभवते’ अशी. लेख तसाच राहील.”

“अन्य नाही. तेच एक वाचन आहे. पानावर छापलंय.”

“मॅडम, रागावू नका, पण आपला विषयच मुळी ‘असं असतं तर’ हा आहे.”

“गोष्टीत,” बाई म्हणाल्या. “लेखात नाही.”

“सोमवारपर्यंत विचार करा. तुमच्या जागी घालायला माझ्याकडे दुसरा चांगला लेख नाही, हे खरंच सांगतो.”

एखाद्याने असं म्हटलं की मोह होतो. बाईंनाही झाला. त्यांनी टीप लिहूनही पाहिली. विद्वानांच्या भाषेत टीप अशी लिहिता येते, की चूक लपतही नाही आणि दिसतही नाही. दोन ओळी झाल्या. चांगल्या झाल्या होत्या. त्या त्यांनी पुसल्या, आणि रिक्षा करून तरसालीला गेल्या, कारण मयंकला अंक मिळायच्या आधी हे कांचनताईंना तोंडाने सांगायला हवं होतं.

कांचनताईंनी चहा टाकला. फोटोवरचा हार ताजा पुसलेला दिसत होता. बाईंनी आडवळण न घेता सांगितलं: वाचण्यात चूक झाली, गलबत नव्हतं, चप्पल होती, आणि ती चोरीला गेली.

“चंद्रावर?”

“हो.”

“म्हणजे बाबा तिथं अडकले नव्हते.”

“नाही. अनवाणी परत आले असणार. गोष्ट विनोदी आहे, ताई. देवळाबाहेर चपला जातात ना, तसं.”

कांचनताईंनी चहाचा कप बशीत ठेवला. “विनोदी,” त्या म्हणाल्या. “हं, मग?”

“तिथंच संपते,” बाई म्हणाल्या.

“बाबा घरात कधी हसले नाहीत,” कांचनताई म्हणाल्या. “कधीच. आई शेवटपर्यंत वाट बघत होती, की हा माणूस जेवताना एखादं वाक्य बोलेल. आणि मासिकात ते लोकांना हसवत होते? लोकांना?”

“एकच गोष्ट लिहिली त्यांनी.”

“एक तरी लिहिली. घरी तेवढीही सांगितली नाही.” त्या फोटोकडे बघत नव्हत्या. “तुमचा पहिला अर्थ बरा होता. दुःखी माणसाला माफ करता येतं. तोच छापा.”

“खोटं आहे ते.”

“मला चालेल.”

“त्यावर माझं नाव आहे, ताई.”

“माझ्या बापाचंही आहे.” कांचनताईंचा आवाज चढला नाही, बालवाडीतल्या बाईंचा असतो तसा उलट खालीच गेला. “तुम्ही आलात, म्हणालात बाबा एकटे होते. मी रडले, फोटो लावला. आज म्हणता गमत्ये होते. पुढच्या महिन्यात काय असतील? मला एकदाच काय ते सांगा.”

 बाई उठल्या तेव्हा कांचनताई दारापर्यंत आल्या नाहीत.

सोमवारच्या आधीच, शनिवारी दुपारी, बाईंनी संपादकांना पत्र टंकलं. लेख मागे घेत आहे. कारण: मूळ पाठाचे चुकीचे वाचन. आणि खाली एक ओळ, ‘दुसऱ्या परीक्षकांची शंका योग्य होती, हे त्यांना कृपया कळवावे.’ बडोद्याहून पुण्याला गेलेलं अशा मजकुराचं हे पहिलंच पत्र असावं. वसंतराव मागे उभे राहून वाचत होते.

“‘योग्य होती’च्या जागी ‘रास्त असू शकेल’ लिही. एवढं पायावर लोटांगण कशाला?”

“योग्य होती,” बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

वसंतराव त्यानंतर सोसायटीत हा विषय काढेनासे झाले. पण एकदा सांगत सुटलेला माणूस गप्प झाला की लोक विचारतातच. लिफ्टमध्ये वरच्या बेननी विचारलं, निरुबेन, तुमचा तो चंद्र कुठवर आला. बाई म्हणाल्या, मावळला. विनोद चांगला होता, पण त्या हसल्या नाहीत, म्हणून बेनही हसल्या नाहीत. कॉलेजात प्राचार्यांनी वार्षिक अहवालासाठी लेखाची माहिती मागितली, आणि बाईंनी ती जागा कोरी सोडून कागद परत केला.

महिन्याभराने अंक आला. मुखपृष्ठावर शिडाचं जहाज चंद्राकडे चाललेलं, आणि आत त्याचा कुठेच पत्ता नाही. मुखपृष्ठ बदलायला वेळ मिळाला नसावा. बाईंनी अनुक्रमणिका पाहिली. अंक कपाटात ठेवला. तरसालीला फोन लावला की वाजत राहायचा. मग त्यांनी लावणं बंद केलं. वसंतरावांनी एकदा सुचवलं की त्याच गोष्टीवर नवा लेख लिही, चपलेचा, तोही खपेल. बाई म्हणाल्या, “एका माणसाच्या बापाचं किती वेळा काहीतरी करायचं?”

दिवाळीच्या फराळाची भांडी घासून झाली होती, त्या दुपारी फोन आला.

“कांचन बोलतेय. ती गोष्ट आहे ना तुमच्याकडे? बाबांची?”

“आहे.”

“ती घेऊन या. तुमचा लेख आणू नका.”

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, की कांचनताईंनी गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. बाईंनी त्यांना वाचून दाखवला होता तो लेख. दत्ताजीरावांची स्वतःची वाक्यं त्यात तीनच होती, तीही टाचणीने टोचलेल्या फुलपाखरासारखी. काही महिने येणं-जाणं होतं, चहा-चिवडा होता, आणि पाच पानं वाचायचं दोघींपैकी कुणाला सुचलं नव्हतं.

तरसालीला दार उघडंच होतं. फोटो भिंतीवर नव्हता. ट्रंकेतही गेला नव्हता. तो समोरच्या खुर्चीवर टेकून ठेवलेला होता, हार न घालता. पांढरी टोपी, बारीक मिश्या, ओठ घट्ट मिटलेले. कांचनताई पलंगावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन, बालवाडीतली पोरं बसतात तशा. चहाचं विचारलं नाही.

“मयंकला मी अजून सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आधी मला कळू दे. मी विनोद फार ऐकलेले नाहीत. आमच्याकडे ती रीत नव्हती. तेव्हा वाचा, आणि कुठं हसायचं ते सांगत जा.”

बाईंनी पिशवीतून पानं काढली. त्यांनी ही गोष्ट किती वेळा वाचली होती याला गणती नव्हती. गलबत म्हणून वाचली होती, चप्पल म्हणून वाचली होती, भिंग धरून वाचली होती. एकदाही हसू आलं नव्हतं. कुठे हसायचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी घसा साफ केला.

“‘रात्रीं वहाण बांधून निघालों,’” त्यांनी वाचलं.

कांचनताई फोटोकडे बघत होत्या. “इथं?”

“नाही. अजून नाही,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य वाचू लागल्या.